आठ दिवसांची ओळख, तीस वर्षांची रुखरुख

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. 1996 च्या मे महिन्यात, एकविसाव्या वर्षी, तुम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला, बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीला गेलात. तिथे वर्ध्याकडची एक मुलगी तुमच्याच गटात होती. आठ दिवस बरोबर काम, रात्री उशिरापर्यंत गप्पा. निघताना ती म्हणाली, "मी वर्षभर गडचिरोलीकडे एका संस्थेत जातेय, तूही ये." तुम्ही "कळवतो" म्हणालात. घरी पोचलात तर बँकेची ऑर्डर येऊन पडलेली. कळवायचं राहून गेलं. आज पन्नाशी झाली, बँकेत अधिकारी आहात, बायको, मुलगी, घर, सगळं व्यवस्थित आहे. तरी मे लागला की ते आठ दिवस डोक्यात घोळतात. तुमचे प्रश्न तीन: मी चुकलो का? हे मनात येणं म्हणजे बायकोशी प्रतारणा का? आणि तिला शोधू का?

मी पुण्यात समुपदेशन करते, वीसेक वर्षं झाली असतील. हा प्रश्न घेऊन सहसा कोणी थेट येत नाही. झोप लागत नाही, मुलाशी पटत नाही, ऑफिसात चिडचिड होते अशा तक्रारी घेऊन लोक येतात आणि दोन-तीन भेटी झाल्यावर जाता जाता म्हणतात, "एक सांगू का, हसू नका." मग कुणी शिबिरातली मैत्रीण सांगतं, कुणी लग्नाच्या वऱ्हाडात भेटलेला मुलगा, कुणी बदलीच्या गावचा शेजारी. त्यामुळे तुमचं काही जगावेगळं झालेलं नाही, एवढं आधी सांगते.

आता तुमच्या मजकुराबद्दल. त्या मुलीबद्दल तुम्ही जेमतेम चार ओळी लिहिल्यात. तिला नदीची भीती वाटायची आणि ती भाकरी चांगली थापायची, बस्स. बाकी सगळं तुमच्याबद्दल आहे: तुम्ही पहिल्यांदा माइकवर बोललात, बिहारच्या पोरांशी मोडक्या हिंदीत भांडलात, हाताला फोड आले तरी फावडं सोडलं नाहीत. आणि अगदी शेवटी, कंसात टाकावं तसं एक वाक्य: "वडील मागच्या वर्षी गेले." माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं दार तिथे आहे.

तुम्ही लिहिलंय की वडील एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांत निवृत्त व्हायचे होते आणि धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे बँकेची नोकरी घेण्याचं कारण तुमच्या घरात, तुमच्यासमोर आरामखुर्चीत बसलेलं होतं. त्यांचं औषध, त्यांचा मोतीबिंदू, त्यांचं 'पोरगा बँकेत आहे' असं गल्लीत सांगणं. जोवर ते होते तोवर हिशेब जुळत होता. ते गेले आणि ज्यांच्यासाठी तो निर्णय घेतला ते माणूसच उरलं नाही. मग खातं पुन्हा उघडलं गेलं, आणि पहिल्या पानावर ती मुलगी निघाली. एका प्रश्नावरून मी हे खात्रीने सांगू शकत नाही. पण आधीच्या वर्षांत हे आठ दिवस असेच सतावायचे का, की गेल्या दीड वर्षात वाढलंय, हे स्वतःला विचारून पाहा. पन्नाशीतल्या पुरुषांचं वडिलांसाठीचं रडणं पुष्कळदा भलत्याच पत्त्यावर जाऊन पोचतं, हे मी पाहिलेलं आहे.

याला उपचार हवा का, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, चार-आठ दिवस हुरहुर लागत असेल तर त्याला उपचाराची गरज नाही, ते माणूस असण्यात बसतं. पण रोज येत असेल, झोप मोडत असेल, जेवणात-कामात लक्ष नसेल, 'सगळं फुकट गेलं' असं दिवसचे दिवस वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ही छावणीची आठवण बाजूला ठेवून आधी नैराश्याची तपासणी करून घ्या. जवळ कोणी तज्ज्ञ नसेल तर टेली-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं काही दिसत नाही. पण लिहिण्यात माणूस नीटनेटका दिसतो, म्हणून सांगून ठेवलं.

आता ते आठ दिवस एवढे झळाळते का, याबद्दल. छावणीत ओळख घट्ट व्हायला वेळ लागत नाही, कारण तिथली सगळी मांडणीच तशी असते. पहाटे अंधारात उठायचं, ऊन चढायच्या आत घमेली वाहायची, दुपारी व्याख्यानं आणि वाद, रात्री गाणी. चंद्रपूरचा मे, म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. तिथे तुम्ही कंडक्टरचा मुलगा नव्हतात, बहिणीचा भाऊ नव्हतात, बारावीचे मार्क कोणी विचारत नव्हतं. जात, घर, कर्ज, पुढे काय करणार, हे नेहमीचं ओझं खाली ठेवलेलं. शिवाय आठ दिवसांनी निघायचं हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1908 मध्येच लिहून ठेवलंय की जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी माणूस परक्यापाशी बोलून जातो. कोकणकन्येच्या डब्यात समोरच्या बर्थवरच्या बाईंना सुनेची सगळी कथा सांगून कुडाळला उतरून जाणाऱ्या मावशी हेच करत असतात. बोललेलं पुन्हा आपल्या अंगणात येणार नाही याची खात्री असते.

वयाचाही भाग आहे. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय. पहिली नोकरी, पहिलं गाव सोडणं, पहिलं भाषण, सगळं त्याच पट्ट्यात घडतं. तुमचं एकविसावं वर्ष बरोबर मध्यावर. आणि आठवण साठवताना आपण ती पुसूनही ठेवतो. 1997 मध्ये अमेरिकेतल्या टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना आधी, चालू असताना आणि नंतर असं तिन्ही वेळी विचारलं. चालू असताना पाऊस, थकवा, चिडचिड होती. परत आल्यावर थोड्याच दिवसांत तीच सहल प्रत्यक्षात वाटली होती त्याहून छान झाली. तुमच्या फोडांचं बघा ना. 1996 मध्ये ते ठणकत असणार. आज ते तुमच्या लिहिण्यात मानचिन्हासारखे आलेत.

एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही, ती म्हणजे 'हे सगळं आठवणीचं गारूड, खरं काही नव्हतं'. माझे काही सहकारी असं सांगून मोकळे होतात. तुम्ही माइकवर बोललात ते खरं आहे. तिने तुम्हाला बोलावलं तेही खरं आहे. आठवण रंगवलेली असते म्हणून तिच्याखालची भिंत खोटी ठरत नाही.

मी चुकलो का? याला मी माझ्याकडे येणाऱ्यांना दोन कागद लिहायला लावते, आणि तुम्हालाही तेच सांगते.

पहिला कागद 1996 च्या जूनचा. त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं आणि तुम्हाला काय ठाऊक होतं, तेवढंच लिहायचं. पुढचं काही नाही. बीएसआरबीची, म्हणजे बँकभरतीची परीक्षा देऊन आलेली क्लार्कची ऑर्डर. ती नाकारली तर पुन्हा कधी, कुणालाच माहीत नाही. वडिलांना सरकारी पेन्शन नाही. ईपीएस-95 ही भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन योजना आदल्या नोव्हेंबरातच सुरू झालेली, आणि तिच्यातून हातात काय पडतं ते एसटीतल्या निवृत्त माणसांना विचारा. बहिणीचं लग्न. घरी फोन नाही. गडचिरोलीला कळवायचं तर पत्र किंवा एसटीडी बूथ, आणि संस्थेत फोन असेलच असं नाही. एवढ्या सामग्रीवर एकविसाव्या वर्षी तुम्ही जे केलं ते केलं. आज तुम्हाला जे माहीत आहे, बहिणीचं लग्न झालं, नोकरी टिकली, वडील ऐंशी ओलांडेपर्यंत धडधाकट राहिले, यातलं तेव्हा काहीही माहीत नव्हतं. निकाल कळल्यावर 'हे तेव्हाच दिसत होतं' असं वाटतं, यावर मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 पासून काम केलंय. पन्नाशीचा अधिकारी निकाल हातात घेऊन एकविसाव्या वर्षाच्या पोराची चौकशी लावतो, तेव्हा पोराला वकीलही द्यायला हवा.

दुसरा कागद अवघड. त्या न जगलेल्या आयुष्यातला एक साधा दिवस लिहायचा. सणाचा नाही, पहिल्या भेटीचा नाही. दहाव्या वर्षातला एखादा मंगळवार, सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत.

याचं कारण सांगते. आपण जगलो ते आयुष्य आपल्याला तपशिलात माहीत असतं: हप्ते, बदल्या, मुलीचा डेंग्यू, सोसायटीची भांडणं. जे जगलो नाही त्यातले फक्त निवडक दिवस आपण पाहतो. मग तुलना कसली करणार? टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की जवळच्या काळातली हळहळ केलेल्या गोष्टींचीही तितकीच असते, पण साऱ्या आयुष्याकडे मागे वळून बघताना माणसाला न केलेल्या गोष्टी जास्त टोचतात. एक कारण असं की केलेल्या चुकीचे परिणाम मोजता येतात, ती निस्तरता येते, निदान 'त्यातून शिकलो' म्हणता येतं. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. तिच्यात वाटेल तेवढी भर घालत राहता येते.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धा गाजवलेले. परीक्षक म्हणून आलेल्या एका दिग्दर्शकाशी तासभर बोलणं झालं, त्याने मुंबईला ये म्हटलं, हे गेले नाहीत. घरचं दुकान सांभाळलं. तो एक तास त्यांनी बावीस-तेवीस वर्षं उराशी धरलेला. त्यांनी मंगळवार लिहून आणला. डोंबिवलीत चौघांत एक खोली. सकाळी एका मालिकेसाठी ताटकळणं, चेहरा चालला नाही. दुपारी ठाण्याला गडकरीला प्रयोग, दोन प्रवेशांचं काम, प्रयोग संपल्यावर हातात नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे. रात्री दौऱ्याची बस, सांगलीकडे, पाय दुमडून झोप. लिहिता लिहिता एका ओळीवर ते थांबले होते: "आईचं डायलिसिस मंगळवारीच असतं. तिला कोण नेतंय?" पुढे पान कोरं.

लोकांना वाटतं या कागदाने स्वप्नाची हवा काढायची असते. तसं झालं नाही. ते मला म्हणाले, "बाई, तरी हवं होतं हो. तिसरी घंटा झाली की पोटात जे होतं ना, ते हवं होतं." मला ते उत्तर आवडलं. दुकान सोडून मुंबईला न गेल्याची खंत फार मोठी होती, तिचं काही करता येत नव्हतं. तिसऱ्या घंटेचं करता येण्यासारखं होतं. ते एका हौशी संस्थेबरोबर राज्य नाट्य स्पर्धेला उतरले. पहिल्या वर्षी काही बक्षीस-बिक्षीस मिळालं नाही. खंत गेली असंही ते म्हणत नाहीत; म्हणतात, आता ती कामाला लागली.

तुमचा मंगळवार तुम्हालाच लिहावा लागेल. मी फक्त आठवण करून देते की त्या भागात पावसाळ्यात नदी चढली की भामरागडसारख्या गावांचा रस्ता तुटतो, मलेरिया होतो, आणि कार्यकर्त्याच्या मानधनात बहिणीचं लग्न होत नाही. शिवाय ती मुलगी. आठ दिवसांत तुम्हाला तिची भाकरी आणि नदीची भीती एवढंच कळलं. दहाव्या वर्षी ती तुमच्यावर कशावरून चिडते, हे तुम्ही लिहू शकता का? लिहू शकत नसाल, तर मग तुम्ही कुणाबरोबर जगायचं राहिलात ते तुम्हालाच ठाऊक नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका, पण हे कागदावर दिसलं पाहिजे.

आतापर्यंतचं एका दमात: ओळख थोडकी होती म्हणून उजळ राहिली, निर्णय त्या वेळच्या माहितीवर रास्त होता, आणि खातं आत्ताच उघडण्यामागे वडिलांचं जाणं असावं असा माझा कयास आहे. पुढे चला.

प्रतारणेचा प्रश्न. मनात कोण यावं हे माणसाच्या हातात नसतं. उलट 'तिचा विचार करायचा नाही' असं ठरवलंत तर ती जास्त येईल. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका एवढंच सांगितलं. बिचाऱ्यांना अस्वलाने सोडलं नाही, आणि नंतर विचार करायची मुभा दिल्यावर तर ते आणखीच आलं. तेव्हा मनाला शिक्षा करू नका. मी विचारते ते एवढंच: त्या आठवणीमुळे तुम्ही घरातलं काही काढून घेताय का? बायको काही सांगत असताना मनात 'ती असती तर समजली असती' अशी तुलना चालते का? ती चालत असेल तर तिथे अन्याय सुरू झाला, कारण बायको रोज विजेचं बिल भरते आणि तुलनेतल्या बाईला कधी बिलच येत नाही.

तुम्ही लिहिलंय की बायकोला छावणीबद्दल 'काही खास' माहीत नाही. मला याचं आश्चर्य वाटलं. तुमच्या आयुष्यातले सगळ्यात जिवंत आठ दिवस, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांचा विषय नाही? कबुलीजबाब द्या असं मी म्हणत नाही. आठ दिवसांच्या मैत्रिणीचा कबुलीजबाब देऊन आपलं ओझं बायकोच्या डोक्यावर ठेवायचं, हे मला पटत नाही. पण छावणी सांगा. फावडं सांगा, माइक सांगा, गडचिरोलीला जायचं राहिलं ते सांगा. तिने 'कोणी होती का?' विचारलं तर खोटं बोलू नका. बहुतेक बायका हे विचारतात, आणि उत्तर साधेपणाने दिलं तर बहुतेक वेळा चहा संपेपर्यंत विषयही संपतो.

आणि मग तिला विचारा, तिचं काय राहिलं. हे मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे. न घेतलेल्या वाटेबद्दल माझ्याकडे बोलतात ते जास्त करून पुरुष. बायका याच विषयावर येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात खंतीपेक्षा संताप असतो, आणि त्याला कारण आहे. तुमच्यापुढे दोन वाटा होत्या आणि तुम्ही एक निवडली. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी बायकांना दुसरी वाट दाखवलीच गेली नाही. एक बाई, आता साठीला आलेल्या, खो-खो खेळायच्या, राज्य पातळीवर. खेळाडू म्हणून नोकरीसाठी मुलाखतीला बोलावल्याचं पत्र घरी आलेलं. वडिलांनी ते कपाटात ठेवलं. लग्नानंतर माहेरचं घर आवरताना, तारीख उलटून वर्षं झालेली, यांना ते सापडलं. यांना मी 'तेव्हाच्या माहितीवर तुमचा निर्णय रास्त होता' असं कोणत्या तोंडाने सांगू? निर्णय त्यांचा नव्हताच. त्यांच्या बाबतीत आम्ही कागद लिहिण्याचं काम केलंच नाही. त्या रागाला जागा देण्याचं केलं, आणि वडील हयात असेतो त्यांच्याशी एकदा बोलण्याचं. तुमच्या बायकोकडे असं एखादं कपाट आहे का, हे तुम्हाला माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे. डीएडचा अर्धवट सोडलेला प्रवेश, शिवणाचं दुकान, गाणं, काहीही. विचाराल तेव्हा स्वतःचं सांगून झाल्यावर लगेच विचारू नका, देवाणघेवाण वाटते. एखादा दिवस जाऊ द्या.

आता शेवटचा, तिला शोधू का. इथे सरसकट उत्तर नाही.

एक उदाहरण देते जिथे मी हो म्हणाले. नवऱ्याच्या उपचारांसाठी टाटा हॉस्पिटलला महिनाभर आलेल्या एक ताई दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होत्या. शेजारच्या खोलीत जालन्याचं कुटुंब. एकीने रिपोर्टच्या रांगेत उभं राहायचं, दुसरीने दोघींच्या पोळ्या लाटायच्या. गावी परतताना नंबर घेतले. नंतर दोन-अडीच वर्षं फोन केला नाही. कारण? "तिच्या घरचं वाईट कळलं तर? आणि आमचं चांगलं झालंय हे मी तिला कसं सांगू?" रोज सकाळी आठवण यायची, फोन हातात घेऊन ठेवून द्यायच्या. मी म्हटलं, करा. मुलीने उचलला. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले होते. आई फोनवर आली आणि म्हणाली, "मी पण घाबरत होते, तुमच्याकडे काय झालं असेल म्हणून." आता दोघी दिवाळीला बोलतात.

असे निरोप पाठवण्याआधी मी एक कसोटी लावते: तो पोचल्यावर समोरच्या माणसाला काय करावं लागेल? ताईंच्या फोनने जालन्याच्या बाईंना फक्त 'बरी आहे' म्हणायचं होतं. तुमचा निरोप त्या मुलीला, आता पन्नाशीच्या बाईंना, काय करायला लावेल? तुमच्या मजकुरातलं वाक्य असं आहे: "तिला सांगायचंय की मी यायला हवं होतं." म्हणजे तीस वर्षांनी एका जवळपास अनोळखी माणसाच्या आयुष्याचा निवाडा तिने करायचा. तिला तुम्ही आठवत नसाल तर तिला ओशाळं व्हायचं, आठवत असाल तर तुमची समजूत काढायची. दोन्हीत काम तिलाच. म्हणून या रूपात, आत्ता, माझं उत्तर नाही असं आहे.

परिस्थिती वेगळी असती तर उत्तर वेगळं असतं. तुम्ही एकटे असतात आणि तीही एकटी आहे असं कळलं असतं, तर मी म्हटलं असतं की साधं दोन ओळींचं पत्र टाका आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नॅन्सी कॅलिश यांनी वर्षानुवर्षं दुरावलेल्या जुन्या प्रेमिकांच्या पुनर्भेटींचा अभ्यास केला. एकटी माणसं भेटली तेव्हा पुष्कळ जोड्या टिकल्या. संसारातली माणसं 'नुसतं हाय म्हणू' म्हणून गेली तेव्हा पुष्कळ घरं हलली, आणि त्यातल्या अनेकांना आपण तिथवर जाऊ असं वाटलंही नव्हतं. त्या लोकांचं मात्र पूर्वीचं खरंखुरं प्रेमप्रकरण होतं. तुमची आठ दिवसांची ओळख. तिच्यावर तेवढा भार टाकू नका.

आणि 'नुसता फोटो बघतो' याबद्दल, कारण तुम्ही ते केलं असणार किंवा करणार आहात. रात्री अकरानंतर, घरातले झोपल्यावर, फेसबुकवर नाव टाकू नका. बघायचंच असेल तर दिवसा बघा, एकदा, आणि बघितल्यावर लगेच काही लिहायचं नाही असं ठरवून. चोरून बघण्यामुळे साध्या कुतूहलालाही गुन्ह्याची चव येते, आणि मग ती चव पुन्हा हवीशी वाटते.

राहता राहिलं ते गडचिरोलीचं एक वर्ष. तुम्ही ते विचारलेलंच नाहीत, म्हणून मी मुद्दाम काढते. तिने तुम्हाला बोलावलं ते एका कामासाठी. ते काम गडचिरोलीत, मेळघाटात, तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यातही चाललंय. एकविसाव्या वर्षी तुम्ही तिथे घमेली वाहिली असती, आणि तुमच्यावाचून त्यांचं काही अडलं नसतं. आज तुम्ही तीस वर्षं बँकेत घालवलेला माणूस आहात. लहान संस्थांचं काम बघणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांचं खरं अडतं कुठे: वेळेवर न झालेलं ऑडिट, देणगीच्या पावत्यांचा घोळ, बँकेत केवायसी अडकलेली, बचत गटांच्या वह्या न जुळणाऱ्या, कर्जाचा अर्ज कसा भरायचा ते गावात कुणाला माहीत नाही. हे तुम्ही डोळे मिटून करता.

निवृत्तीची वाट बघू नका, आणि नोकरीही सोडू नका. शिल्लक रजेतले आठ दिवस काढा आणि जवळच्या एखाद्या संस्थेला आधी विचारा की तुमचं काय अडलंय. 'मला तुमच्यासाठी काहीतरी करायचंय' असं म्हणत जाऊ नका, त्यांना पाहुणे सांभाळायला वेळ नसतो. जमाखर्च बघून देतो म्हणा. ती बाई जिथे असेल असं वाटतं ती संस्था सोडून दुसरी निवडा. माइक मिळणार नाही, बहुधा एका पत्र्याच्या खोलीत व्हाउचरं लावत बसाल. तेवढं करून तुम्हाला ते एकविसाव्या वर्षाचं वाटणं थोडंफार सापडलं तर पुढची रजाही तिकडे लावा. नाही सापडलं तर तेही कळलेलं बरं. मग आपण वडिलांबद्दल बोलू. बायकोला बरोबर न्यायचं का, हे मात्र तिला विचारूनच ठरवा.